आवाज वाढवला की बंद पडणारं मशीन

आमच्या घरात मशीन उन्हात ठेवायचं नाही, असा नियम होता. माणसं उन्हात बसली तरी चालायची. मशीन म्हणजे लाउडस्पीकरचं, आता सगळे ज्याला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात ते. करड्या पत्र्याचा डबा, पुढं दोन बटणं आणि एक लाल दिवा, मागं वायरी. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, भिंगारला मिलिटरीच्या लिलावात निघालेली जुनी जीप आणली होती आणि तिच्या टपावर चार कर्णे बांधले होते. आमचं गाव शिंगणापूरच्या अलीकडचं. आसपासच्या गावांत लग्न असो, जत्रा असो, तंबूतल्या सिनेमाची जाहिरात असो, आबांची जीप जायची. माझा थोरला भाऊ, दादा, मशीन सांभाळायचा. तबकड्या लावायचा, माईक धरायचा, वायरी जोडायचा आणि सोडायचा. आबा जीप चालवायचे आणि शिव्या द्यायचे.

संध्याकाळी मशीन घरात यायचं. आतल्या खोलीत कणगीशेजारी त्याची लाकडी पेटी होती, वर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरलेला. बॅटरी पडवीत चार्जिंगला लागायची. चार्जरची घुंघुं आणि अ‍ॅसिडचा घसा खवखवणारा वास, यातच आम्ही जेवायचो. बॅटरी उचलताना थेंब उडाला की लुगड्याला भोक पडायचं. आमच्या घरातल्या एकाही बाईचं लुगडं धड नव्हतं, आणि पाणवठ्यावर बायका त्यावरून आम्हाला लांबून ओळखायच्या. जेवण म्हणजे बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याचं कालवण, कधी हुलग्याची शेंगोळी. लग्नाच्या हंगामात आबा आणि दादा बाहेरच जेवून यायचे आणि फडक्यात बांधून बुंदी आणायचे. ती आबा स्वतः वाटायचे. आधी आजूबाजूचे पुरुष, मग आई, मग तळाला राहिलेला भुगा मला. बुंदी गोल असते हे मला माझ्या स्वतःच्या लग्नात कळलं.

आबांचा देव शनी. दर शनिवारी ते शिंगणापूरला जाऊन तेल वाहायचे आणि बाटलीत थोडं मुद्दाम राखून घरी आणायचे. ते जीपसाठी. जीपमध्ये मागच्या बाजूला, सीटच्या पाठीशी, तळाच्या पत्र्यातून एक जाडजूड बोल्ट वर आलेला होता. काळा, अंगठ्याएवढा. जीप घेतली तो शनिवार होता आणि तो बोल्ट आबांना उभ्या शिळेसारखा दिसला. तेव्हापासून तो देव. त्याच्यावर तेल घालायचं आणि वरून शेंदूर थापायचा. शनीला शेंदूर नसतो असं गावातले गुरव म्हणाले, तर आबा म्हणाले, शनिवार मारुतीचाबी असतो, दोघांचं एकदम भागवतो. मशीनला बॅटरीकडून दोन वायरी लागतात. लाल वायर सरळ बॅटरीला जायची आणि काळी जीपच्या लोखंडाला कसायची, कारण बॅटरीचं दुसरं टोक त्या लोखंडालाच जोडलेलं असायचं. ती दादा याच बोल्टाखाली, नटानं दाबून कसायचा. आबांचीच तशी आज्ञा होती. देवाच्या पायाशी बांधलं की मशीनला धोका नाही. बायकांनी जीपच्या मागच्या बाजूला पाय ठेवायचा नाही, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

दादाचं लग्न झालं ते श्रीरामपूरच्या बाजूच्या मुलीशी. तिचं नाव शेवंता. तिचा बाप साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. उंच, सावळी, हाडापेरानं मजबूत बाई. मोठ्यानं हसायची आणि हसताना तोंडापुढं पदर धरायची नाही. वरात आमच्याच जीपमधून आली. पुढं आबा आणि दोन पाव्हणे बसले, म्हणून नवरानवरीला मागं बसवलं. नवी नवरी म्हणजे लक्ष्मी, एक दिवस चालतं, असं आबांनीच म्हटलं होतं. हे त्यांना नंतर आठवलं नाही.

त्या हंगामात मशीन बंद पडायला लागलं. नेहमी नाही. बोलायला माईक लावला तर ठणठणीत. तबकडी हळू लावली तरी ठणठणीत. बटण अर्ध्याच्या पुढं सरकवलं की लाल दिवा मंद व्हायचा, कर्ण्यातून घसा बसल्यासारखी खरखर यायची आणि सगळं गप्प. बटण मागं घेतलं की दिवा पुन्हा लागायचा, जसं काही झालंच नाही. हळू वाजणारा लाउडस्पीकर कुणाला हवा असतो? लग्नवाल्याला आवाज शेजारच्या गावात ऐकू जायला हवा असतो, त्यासाठीच तो बोलावतो.

आबांनी एकेक वस्तू बदलून पाहिली. आधी बॅटरी. नवी आणली, तरी तेच. मग फ्यूज. मग चार कर्ण्यांतले दोन काढले. तेव्हा बटण थोडं जास्त पुढं गेलं आणि आबा एक दिवस खुश होते, पण पुढच्या लग्नात पुन्हा तेच. मग एका सकाळी त्यांनी मशीन आणि बॅटरी अंगणात घेतली, दोन्ही वायरी बॅटरीलाच लावल्या, आणि बटण शेवटपर्यंत पिळलं. कोंबड्या छपरावर गेल्या, म्हशीनं दावं तोडलं. मशीन बंद पडलं नाही. पुन्हा जीपमध्ये ठेवलं, पुन्हा बंद. तेव्हा आबा ओट्यावर बसून बराच वेळ तंबाखू मळत राहिले आणि म्हणाले, "घरात चालतं आन् जिपात मरतं. जिपात नवं काय झालं?"

आईनं चुलीपुढून मान वर न करता उत्तर दिलं, "सून बसली हुती की."

बॅटरी, फ्यूज, कर्णे झाले. आता सुनेची पाळी होती. आईनं दोरीवर वाळत घातलेल्या शेवंतावहिनीच्या धडुत्यांवरून दिवस जुळवले आणि असं ठरवलं की लग्नाच्या दिवशी तिला अडचण आलेली होती, तिनं ती लपवली आणि तशीच देवाशेजारी बसली. वहिनी म्हणाली, असं काही नव्हतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्या काळी सगळ्याच बायका महिन्याचे दिवस बाजूला बसत. आईही बसायची आणि आरामात बसायची, कारण तेवढेच दिवस तिला काम नसायचं. शेवंतावहिनीला मात्र गोठ्यात म्हशीच्या पायांशी बसवलं आणि ते दिवस सरले तरी आत घेतलं नाही. भाकरी तिच्याकडं लांबून टाकायची. ती टाकायचं काम माझ्याकडं होतं. शनिवारी तिला जेवण नाही. जीप धुवायला गोमूत्र लागायचं, तेही तिनंच पहाटे गोठ्यातल्या गाईच्या मागं उभं राहून गोळा करायचं, आणि मग ते आबा मागच्या पत्र्यावर, बोल्टावर, सगळीकडं शिंपडायचे. वर पुन्हा तेल, पुन्हा शेंदूर, आधीपेक्षा जास्त. बोल्टाच्या बुडाशी लाल खपली चांगली बोटभर झाली होती आणि मशीन आता अर्ध्याच्याही आधी बंद पडायला लागलं होतं. ते बघून आबा अजून तेल घालायचे.

मग त्यांनी तिच्यावर प्रयोग केला. दुसरा शब्द मला सुचत नाही. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात जीप उभी केली, दादाला मशीनपाशी बसवलं आणि वहिनीला जीपपासून थोडं लांब उभं केलं. दादानं बटण पुढं सरकवलं. बंद. तिला आणखी लांब उभं केलं. बंद. उन्हाची वेळ, पायाखाली तापलेली माती आणि तिला चपला काढायला लावलेल्या. बांधावर गावातली रिकामी माणसं बसून बघत होती.

"अजून माघं सर," आबा ओरडले.

"कुठवर सरू मामा? माघं वढा हाय. पडंन की."

"पड."

बांधावरून कुणीतरी म्हणालं, "आबा, तिच्या माहेरापतूर न्हेऊन उभी करा, मग वाजंल बगा."

सगळे हसले. वहिनीही हसली. तिला ते खरंच विनोदी वाटलं असावं, कारण ती ओढ्याच्या काठावर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती आणि हसत होती. आबा हसले नाहीत. बांधावरच्या माणसाचं बोलणं त्यांनी डोक्यात ठेवलं, हे मला त्यांच्या तोंडाकडं बघून तेव्हाच कळलं.

दादा काय करत होता, असं कुणी विचारेल. दादा बटण पुढं-मागं करत होता. त्याच आठवड्यात तो मशीन पोत्यात गुंडाळून एसटीनं श्रीरामपूरला करीमभाईकडं घेऊन गेला. करीमभाई म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारा, त्याचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला होतं. दादा संध्याकाळी परत आला, मशीन पेटीवर ठेवलं आणि जेवायला बसला.

"काय म्हनला?" आबांनी विचारलं.

"मशीन बरुबर हाय म्हनला."

"आनखी?"

"आनखी काय न्हाई."

शेवंतावहिनी गोठ्याच्या दारात उभी राहून ऐकत होती. मशीन बरोबर आहे, म्हणजे दोष आता तिच्या एकटीवर आला. ते तिच्या ध्यानात आलं असणार. ती आत वळली आणि म्हशीला पेंड घालायला लागली.

त्यानंतर एका बागाईतदाराच्या मुलीचं लग्न आलं. मोठा मांडव, उसाच्या पैशाची माणसं, मुंबईचे पाव्हणे. मंगलाष्टका माईकवर होत्या. भटजी पहिली दोन कडवी हळू आवाजात म्हणाले, मग बागाईतदारानं हात वर करून आवाज वाढवायची खूण केली. आबांनी दादाकडं बघितलं, दादानं बटण सरकवलं, आणि ऐन "सावधान"ला मशीन बंद पडलं. पुढच्यांनी अक्षता टाकल्या. मागच्यांना ऐकूच गेलं नाही, त्यांनी भटजी खाली पाटावर बसल्यावर टाकल्या, त्या भटजींच्या टकलावर आणि विहिणीच्या ताटात पडल्या. वरपक्षाला तो अपशकुन वाटला. बागाईतदार आबांना सगळ्यांदेखत म्हणाला, "आबा, त्ये कर्णं काढून ठेवा. जिपात शेणखत व्हावा, त्याला आवाज लागत न्हाई." आबांना जेवायला बसू दिलं नाही. त्या दिवशी बुंदी आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी शेवंतावहिनीला गोठ्यातून बाहेर बोलावलं आणि तिची ट्रंक अंगणात ठेवली. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. एसटीचा फाटा गावापासून चांगला लांब आहे. जीप फाट्यापर्यंत जाणारच होती, पण तिला जीपला हात लावायचा नव्हता आणि तिची ट्रंकही ठेवायची नव्हती. म्हणून आबा पहिल्या गिअरमध्ये जीप हळूहळू चालवत पुढं आणि शेवंतावहिनी डोक्यावर ट्रंक घेऊन जीपच्या मागून, अशी ती वरात निघाली. दादा आबांच्या शेजारी बसला होता. मी वेशीपर्यंत मागं मागं गेले. जीपचा धूर सगळा तिच्या तोंडावर येत होता. दारादारांत बायका उभ्या होत्या. एकीनं विचारलं, "शेवंते, कुठं गं?" ती म्हणाली, "लांब जाऊन उभी राहती. म्हंजी वाजंल." या खेपेला मात्र कुणी हसलं नाही.

दुपारी आईनं मला जीपपाशी दादाची भाकरी घेऊन पाठवलं. जीप लिंबाखाली उभी होती. दादा मागं उकिडवा बसून काहीतरी घासत होता. मी जवळ जाऊन पाहिलं. त्यानं देवाचा नट सोडला होता, वायरीचं टोक बाजूला काढलं होतं आणि करवतीच्या तुटक्या पात्यानं बोल्टावरची आणि पत्र्यावरची लाल खपली खरवडत होता. खाली शेंदराचा ढीग झाला होता. मग पॉलिश पेपरानं पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत घासला, काळी वायर पुन्हा कसली, वरून बोल्टाच्या डोक्याला थोडा शेंदूर लावून ठेवला, आणि मशीन सुरू करून बटण शेवटपर्यंत नेलं. चारही कर्णे असे वाजले की लिंबावरचे कावळे उडाले. गावातून आबा धावत आले. धावताना त्यांचं धोतर सुटत होतं. त्यांनी शिंगणापूरच्या दिशेला तोंड केलं, हात जोडले आणि डोळे पुसले.

आबा गेल्यावर मी दादाला म्हटलं, "वहिनीमुळं न्हवतं. शेंदरामुळं हुतं."

"व्हय," दादा म्हणाला.

"तुला कवा कळलं?"

"करीमभाईनंच सांगितलं हुतं. आवाज वाडवला की मशीन बॅटरीकडनं जादा करंट मागतं. काळी वायर गाडीला जिथं कसलीय तिथं घान असंल तर येत न्हाई, मंग मशीन मरतं. घासून बघ म्हनला."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

दादानं भाकरी मोडली. "आबाला सांगू, तुमच्या देवानं मशीन मारलं म्हनून? जित्ता ठिवला असता का मला? आन् तू गप बस."

परवा माझ्या नातवानं त्याच्या गाडीत मोठे स्पीकर आणि असंच एक मशीन बसवून घेतलं, तर आवाज वाढवला की ते बंद. दोन दिवस तो नगरला चकरा मारत होता. शेवटी मेकॅनिकनं सांगितलं की काळी वायर रंगवलेल्या पत्र्यावरच कसली होती, रंग खरवडला आणि लागलं वाजायला. चहा पिता पिता त्यानं मला हे हसत सांगितलं. तेल आणि शेंदूर एकत्र वाळला की तोही रंगच होतो. आबा दर शनिवारी स्वतःच्या हातानं वायरीखाली रंग देत होते आणि कमी पडला म्हणून आणखी देत होते. नातवाच्या घरातून कुणाला बाहेर काढावं लागलं नाही, तेवढाच फरक.

मी गप्प बसले नाही. त्याच दिवशी रात्री जेवताना आबांना सगळं सांगितलं, करीमभाईचं सोडून, कारण दादा समोर बसला होता. बोल्ट कसा घासला, पत्रा कसा चमकला. आबा जेवत राहिले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "देवाला लावलेलं त्याल खोटं पाडती व्हय? लई शिकली ही." दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद. चौथी संपत आली होती. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, ती तशीही मिळाली नसती, तेव्हा त्याचं फार वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. आईनं भांडी घासताना मला एवढंच विचारलं, "तुला कुनी इचारलं हुतं का?"

पुढच्या हंगामात दादाचं दुसरं लग्न झालं. सुमन तिचं नाव. गोरी, बारीक, कमी बोलणारी. वरातीला तिला पुढं बसवलं, गावातल्या एकाला जीप चालवायला लावून आबा स्वतः मागं बसले. चारही कर्णे पूर्ण आवाजात, वेशीपासून घरापर्यंत.

त्यानंतर काही महिन्यांनी चुलत्याबरोबर मी कापडासाठी श्रीरामपूरला गेले होते. एसटी स्टँडवर शेवंतावहिनी भेटली. ती कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जात होती. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले, त्यामुळं ती एकदम म्हातारी दिसली. "वन्सं, वाढलात की," ती म्हणाली आणि माझ्या हातात शेंगा ठेवल्या. चुलता तिकिटाच्या रांगेत होता. मी तिला शेंदराचं सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल, आपला दोष नव्हता हे कळेल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "ह्यास्नी ठावं हुतं?"

"व्हय. करीमभाईनं सांगितलं हुतं."

"मी जायच्या आदी?"

"आदी."

समोर एक बस मागं येत होती आणि कंडक्टर शिट्टी मारत होता. वहिनीनं भुवईतला कापसाचा तंतू ओढून काढला. मग म्हणाली, "माजा दोष न्हवता हे मला पयल्यापासनंच ठावं हुतं, वन्सं. त्यासाठी बोल्ट खरवडायची काय गरज हुती?" आणि मग, "नवी कशी हाय?"

"बरी हाय. गप असती."

"मामा अजून त्याल लावत्यात?"

"दर शनवारी."

"मंग परत बंद पडंल. तिला सांगून ठिवा. कुठं घासायचं त्ये दावून ठिवा. तिच्या डोक्यावर तरी ट्रंक नको." एवढं बोलून ती बसमध्ये चढली. खिडकीशी बसली, पण माझ्याकडं बघितलं नाही. मी तिला पुन्हा कधी भेटले नाही.

घरी आले तेव्हा सुमनवहिनी भाकऱ्या करत होती. आई मळ्यात गेली होती. मी चुलीशी बसले आणि हळूच सांगितलं की मशीन बंद पडलं तर बोल्ट कुठं आणि कसा घासायचा. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "मला ठावं हाय."

"कुनी सांगितलं?"

"ह्येंनीच. हळद लागायच्या आदी घरी आल्ते तवा. म्हनले, आमच्या जिपात असं असं हुतं, पन तू भिऊ नगं, मी दर शुक्रवारी घासून घेतो. घेत्यात बी. शनवारी मामा लावत्यात, शुक्रवारी ह्ये काढत्यात." तिनं भाकरी उलटली. "तुमी कुठं बोलू नका, वन्सं. माजा पायगुन चांगला हाय म्हनत्यात समदे. ऱ्हाऊ द्या की."

म्हणजे दादाला भीती होती ती खरी, पण नुसती भीती नव्हती. एक पातं आणि पॉलिश पेपर त्याच्याकडं आधीही होता. दादा आता नाही. त्याच्या दहाव्याला मी गेले, जेवले आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

मी कुठं बोलले नाही. बोलून बघितलं होतं. आबा असेपर्यंत जीप चालली आणि मशीन एकदाही बंद पडलं नाही. गावात सुमनवहिनीचं नाव झालं. कुणी नवा ट्रॅक्टर आणला किंवा नवी सून आणली, तर उंबऱ्याच्या आत घ्यायच्या आधी सुमनवहिनीला बोलावून आणायचे आणि तिचा पाय लावून घ्यायचे.